बंद पाकिटातली कबुतरं

मी तो खेळ नापास केला तेव्हा तो माझ्यापासून हातभर अंतरावर, एका तपकिरी पाकिटात होता, आणि पाकीट बंद होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते कुणीतरी सांगणारच आहे, आणि आपली फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी. निदान विशेषणं आपल्या हातात राहतात.

त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटतही नव्हतं. आमची समिती अशीच चालायची. कॉम्प्युटरवरचा कुठला खेळ कुठल्या वयाला योग्य, हे ठरवण्यासाठी एका खात्याने (त्याचं नाव मी घेत नाही, पेन्शन तिथूनच येते) अम्मानमधल्या एका थंडगार खोलीत तीन पिकली पानं बसवली होती. अध्यक्ष अबू रासिम, पूर्वीचे न्यायाधीश. जमिनीच्या भांडणांचे निकाल देण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे कुठल्याही खेळात त्यांना आधी बांध कुठे आहे ते जाणून घ्यायचं असतं. दुसऱ्या सित्त नजला, म्हणजे नजलाबाई, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज आज्या झाल्या, तरी त्यांना रस्त्यात बघून पाठीचा कणा सरळ करतात. आणि तिसरा मी, अबू सिराज, तीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून पोट भरलेला इसम.

खेळ बनवणारा एक पाकीट आणून देई. आत खेळ, बाहेर टाचलेला एकपानी सारांश, आणि पाच चित्रं. न्यायाधीश सारांश मोठ्याने वाचत, सित्त नजला चित्रं भिंगातून बघत, आणि मी निकालाचं शब्दांकन करी. मग वेलदोड्याची कॉफी येई. पाकीट फोडायची आठवण कुणालाच होत नसे. असे त्रेचाळीस खेळ आम्ही निकालात काढले, आणि त्रेचाळीसही जणांना निकाल मान्य होते.

तुम्ही म्हणाल, न खेळता कसं कळतं? अहो, जग दुसरं काय करतं? मुलीशी दोन शब्द न बोलता लोक सोयरीक जुळवतात. माझे लेख वाचले नाहीत अशी शपथ घेऊन माणसं मला रस्त्यात अडवून त्यातल्या चुका सांगत. आमच्या मोठ्या मेहुण्यांनी तर एका देशाबद्दल तिथे पाऊल न टाकता वीस वर्षं मत दिलं, आणि शेवटी तिथे जाऊन आले तेव्हा त्यांना काही सांगताच येईना. अनुभवाने माणसाचा आत्मविश्वास जातो. समितीला तो परवडत नाही.

तर चव्वेचाळिसावा खेळ. सारांशात लिहिलं होतं: 'तुमचं एक छत आहे. त्यावर एक ढाबळ आणि बारा कबुतरं. थवा उडवा. शेजाऱ्याची कबुतरं तुमच्या थव्यात येऊ शकतात. शेजारी विचारायला येईल.' एवढंच.

"शेजाऱ्याची?" न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे अतिक्रमण."

"चित्रात मुलगा अनवाणी आहे," सित्त नजला म्हणाल्या.

मी लेखणी उचलली. पहिलं वाक्य झालं: 'सदर खेळ परक्या मालमत्तेच्या अपहारास उत्तेजन देतो.' दुसरं झालं: 'सदर खेळात वडीलधाऱ्यांचा मान राखला जात नाही.' दोन वाक्यांवर निकाल डुगडुगत होता. तिवईला तिसरा पाय लागतोच, हे मी तीस वर्षं लिहून शिकलो आहे. म्हणून तिसरं लिहिलं: 'खोटे बोलल्याशिवाय खेळणाऱ्यास पुढे जाताच येत नाही.' हे मला कुठून कळलं? वाक्याच्या लयीतून. सित्त नजलांनी मान डोलावली, न्यायाधीश "वा" म्हणाले, आणि खेळावर शिक्का बसला: अठरा वर्षांवरील प्रौढांसाठीच.

पुढच्या दिवशी बुधवार होता. आमच्या टेकडीवर नळाला पाणी बुधवारी येतं, त्यामुळे त्या सकाळी सगळी इमारत गच्चीवर, आपापल्या टाकीपाशी असते. आठवड्याचं पाणी आणि आठवड्याच्या बातम्या एकदमच भरून घेतात. मी वर गेलो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या उम्म हातिम तोंड फिरवून उभ्या. मी म्हणालो, "सकाळ शुभ असो." याला आमच्याकडे "सकाळ प्रकाशाची असो" असं उत्तर येतं. त्या नुसतं "सकाळ" म्हणाल्या. प्रकाश त्यांनी घरीच ठेवला होता.

"काय झालं यांना?" मी आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे उम्म सिराजला, हळूच विचारलं. (अबू म्हणजे बाप, उम्म म्हणजे आई; आमच्याकडे माणसं मुलांच्या नावाने ओळखली जातात.)

ती टाकीत डोकं घालून पाण्याची पातळी बघत होती. तिथूनच तिचा घुमणारा आवाज आला. "त्यांच्या जुमानाचा खेळ कुणीतरी बुडवला. तीन वर्षं खपली पोरगी. टेलिफोन कंपनीतली नोकरी सोडली. पुढच्या गुरुवारी युवा सभागृहात जत्रा आहे खेळांची, बाहेरगावचे लोक येणारेत बघायला. आणि समितीतल्या कुणा शहाण्याने लिहिलंय की हा खेळ मुलांना चोऱ्या शिकवतो. अठराच्या वरचा खेळ त्या सभागृहात चालत नाही म्हणे."

"कसला खेळ?" मी विचारलं.

"कबुतरांचा."

याच वेळी गल्लीपलीकडच्या गच्चीवरून हाक आली. तिथे अबू दीब, चाळीस वर्षं कबुतरं पाळणारा माणूस, हातात काळं फडकं बांधलेला बांबू घेऊन उभा होता. त्याला खाजगी बोलायचं असलं तरी दोन टेकड्यांना ऐकू जातं.

"उस्ताज! तुम्ही म्हणे आम्हा कबुतरवाल्यांना चोर म्हणालात?"

"मी एका खेळाबद्दल लिहिलं, अबू दीब!"

"खेळ वाईटच आहे!" तो ओरडला. "कॉम्प्युटरात कसली कबुतरं? शेण नाही, पिसं नाही! मी बघितलेला नाही, पण वाईटच आहे! तरी आम्हाला चोर म्हणायचं नाही!"

न खेळता मत देणारा मी एकटाच नव्हतो, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण गच्चीवरची अकरा कुटुंबं पाणी सोडून माझ्याकडे बघत होती आणि उम्म सिराजने टाकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

"तो शहाणा तुम्ही?" ती म्हणाली.

त्या दुपारी जुमाना आली. अठ्ठावीस वर्षांची, शांत, डोळ्यांखाली तीन वर्षांचं जागरण. मी तिला परकरी वयापासून जिन्यात खेळताना बघितलेलं. अर्जावर तिने स्वतःच्या नावाऐवजी कुठल्याशा कंपनीचं नाव टाकलं होतं, नाहीतर... नाहीतर काय केलं असतं, ते मी नीट ठरवलेलं नाही.

"अम्मो," ती सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाली. आमच्याकडे वडिलांच्या वयाच्या सगळ्यांना पोरी अम्मो म्हणतात, रागावल्या असल्या तरी. "एकच विचारते. किती वेळ खेळलात?"

"कामापुरता."

"कुठपर्यंत पोचलात?"

"साधारण मध्यापर्यंत."

"मध्यात काय होतं?"

मी चहाचा घोट घेतला. "कबुतरं उडतात."

"ती पहिल्या मिनिटात उडतात, अम्मो."

"मध्यात जास्त उडतात."

तिने पिशवीतून तपकिरी पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. कार्यालयाने तिला परत केलेलं. त्याच्या तोंडावर लाल मेणाचा ठिपका होता, आणि ठिपक्याला साधी चीरसुद्धा गेलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात उम्म सिराज उभी होती. तिने तो ठिपका बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बशीतली बिस्किटं उचलून आत नेली. मी अजून एकही घेतलं नव्हतं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. अपमान झाला की माणूस निदान रागावू शकतो. पण जुमानाने नियमांची प्रत काढली आणि अकराव्या कलमावर बोट ठेवलं: 'अपील झाल्यास अहवाल लिहिणाऱ्या सदस्याने खेळ स्वतः शेवटपर्यंत खेळून समितीसमोर साक्ष द्यावी.' हे कलम मी ओळखलं. माझी नेमणूक व्हायच्या आधी मी एका लेखात या समितीची रेवडी उडवताना ते गमतीने सुचवलं होतं. खात्यातल्या कुणीतरी लेख मनावर घेतला असावा. विनोदी लेखकाचा याहून मोठा पराभव मला माहीत नाही.

सुनावणी मंगळवारी, म्हणजे जत्रेच्या दोनच दिवस आधी. मी गुरुवारी सकाळी कार्यालयात गेलो. आमचा कारकून मुतासिम हा अत्यंत कायदेशीर माणूस आहे. तो शिंकतानासुद्धा परवानगी असल्यासारखा शिंकतो.

"खेळायला कॉम्प्युटर हवाय," मी म्हणालो.

"समितीकडे नाही."

"खेळांच्या समितीकडे कॉम्प्युटर नाही?"

"कुणी मागितला नाही, उस्ताज. चार वर्षांत आपण कॉफीची भांडी दोनदा मागितलीत. मागणीपत्र भरा, तीन महिन्यांत येईल. मात्र खोलीतलं विजेचं बटण बंद आहे. त्याचा अर्ज वेगळा."

"मग जुमानाचाच कॉम्प्युटर घरी नेऊन खेळतो."

मुतासिमने खुर्ची मागे सरकवली. "अर्जदाराकडून वस्तू घेणार? लाच होते ती."

"अरे, मग करू काय?"

तो बराच वेळ नियमांची पानं उलटत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "उसना घेता येत नाही. पण जप्त करता येतो. मुद्देमाल म्हणून. दोन साक्षीदार लागतील."

अशा रीतीने मी त्या मुलीचा आधी खेळ बुडवला आणि मग तिचा कॉम्प्युटर जप्त केला. पंचनामा आमच्या दिवाणखान्यात झाला. साक्षीदार म्हणून उम्म सिराज आणि अबू दीब. अबू दीबला लिहिता येत नाही असं नाही, पण त्याने सहीऐवजी कबूतर काढलं. मुद्देमाल टेबलावर ठेवून मी त्याच्याकडे पंधरा मिनिटं बघत बसलो. शेवटी तो चालू करायला जुमानालाच बोलवावं लागलं. ती आली, पाठीमागचं बटण दाबलं, "जप्तीत वायर राहिली होती, अम्मो," म्हणून वायरही दिली, आणि गेली. खेळताना तिने शेजारी बसू नये, असं कलम बारा सांगतं. ते मात्र मी सुचवलेलं नव्हतं.

पडद्यावर छतं, पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यामागे सूर्योदय. फार सुंदर. मी अर्धा तास त्याचा आस्वाद घेतला आणि टिपण केलं: 'खेळ संथ असला तरी काव्यात्म.' मग उम्म सिराजने चहाचा कप ठेवताना एक बटण दाबलं आणि खेळ सुरू झाला. तोपर्यंत मी बघत होतो ते नावाचं पान होतं.

सुरुवातीला माझी कबुतरं उडेचनात. मी शीळ घालायचं बटण दाबलं, फडकं हलवलं, वैयक्तिक विनंती केली. बारा कबुतरं ढाबळीच्या दारात फुगून बसली होती. रिटायर झाल्यापासून मी जे जे हातात घेतलं, नळाची दुरुस्ती असो की नातवंडांचा अभ्यास, त्यांनी माझ्याकडे नेमकं अशाच नजरेने बघितलं आहे.

"दाणे किती टाकता?" सोफ्यावरून अबू दीब म्हणाला. पंचनामा संपून तास झाला होता, पण तो साक्षीदार या नात्याने बसून होता.

"पोटभर टाकतो. मुकी जनावरं."

"उस्ताज, लग्नाची पंगत आहे का ती? भरल्या पोटी कोण उडतं? तुम्ही जेवल्यावर उडता?"

"हे झोपतात," उम्म सिराजने आतून खुलासा केला.

मी दाणे कमी केले. थवा उठला. खरं सांगतो, त्या क्षणी मी खुर्चीतून अर्धा उभा राहिलो. बारा ठिपके एका दोरीत ओवल्यासारखे वळले, आणि माझ्या शिळेसरशी खाली आले. माझ्या! अबू दीब पडद्याजवळ आला, नाक जवळजवळ टेकवलं, आणि कुजबुजला, "ते तांबडं बघा, उजवा पंख दाबून वळतंय. पोरीने नीट बघितलंय हो." मग एकदम भानावर येऊन म्हणाला, "पण शेण नाही!"

शनिवारपर्यंत माझी पाच कबुतरं ससाण्याने नेली, दोन आपणहून गेली, आणि एकदा मी थवा समजून कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी उडवल्या. इमारतीत सल्ल्यांना ऊत आला. तळमजल्यावरचा किराणेवाला म्हणाला, ससाण्याला लाच द्या. उम्म हातिमनेसुद्धा जिन्यात थांबून, माझ्याकडे न बघता, कठड्याला उद्देशून सांगितलं की वारा पश्चिमेचा असताना उडवू नये. यांतल्या एकानेही खेळ खेळलेला नव्हता. मला त्यांचा राग येऊ लागला. 'खेळल्याशिवाय बोलू नये माणसाने,' असं मी किराणेवाल्याला ऐकवलं, आणि तो फक्त हसला. त्याच्या हसण्याची मी नोंद घेतली नाही.

रविवारी संध्याकाळी ती आली. पांढऱ्या मानेची, बाकी सगळी राखी. शेजारच्या छतावरच्या थव्यातून निसटली आणि माझ्या थव्याच्या पुढे उडू लागली, जणू माझ्याकडेच जन्मली होती. माझी सगळी रडतराऊत कबुतरं तिच्यामागे तलवारीसारखी सरळ झाली. मी शीळ घातली. ती उतरली, ढाबळीत शिरली आणि घुमू लागली.

मग जिन्यावर पावलं वाजली. पडद्यावरच्या, म्हणजे. शेजारच्या छताचा म्हातारा, अबू फरज, धापा टाकत वर आला. भुवया पांढऱ्या, स्वेटरला कोपराशी ठिगळ. म्हणाला, "बाळा, माझी पांढऱ्या मानेची तुझ्याकडे आली का रे?"

खाली तीन उत्तरं होती. 'आली आहे, घ्या.' 'नाही बुवा.' 'आधी चहा घ्या.'

मी 'नाही बुवा' दाबलं.

तपासणीसाठी दाबलं, असं मी अबू दीबला सांगितलं. त्याने काही विचारलेलं नव्हतं. खोटं बोलण्याची सक्ती आहे की नाही ते तपासण्यासाठी खोटं बोलून बघणं भाग होतं, वगैरे. अबू दीबने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "मीही असंच म्हणायचो," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, आता दंड होईल. गुण कापतील, लाल अक्षरं येतील. काही नाही. म्हातारा म्हणाला, "बरं. वाऱ्याने भरकटली असेल. तुझी सगळी सुखरूप आहेत ना?" आणि कठड्याला धरत एकेक पायरी उतरून गेला. त्यानंतर खेळातल्या प्रत्येक संध्याकाळी, मी थवा उडवला की पलीकडच्या छतावर तो उभा दिसे, हात कपाळाशी धरून, आभाळात बघत. शीळ घाली. पांढऱ्या मानेची माझ्या थव्यात मान वळवी आणि मी पटकन माझी शीळ घाली. मग एके दिवशी छतावर तो दिसला नाही. माझी कबुतरं चौतीस झाली. पडद्यावर अक्षरं आली, 'मोसम संपला,' आणि खेळ संपला. कुणी काही बोललंच नाही.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एका न जन्मलेल्या म्हाताऱ्याचं एक न जन्मलेलं कबूतर, आणि मी भाताचा घास हातात घेऊन बसलेला.

"संपला का तुमचा खेळ?" उम्म सिराजने सोमवारी विचारलं.

"संपला. चौतीस."

"माझी नऊच राहिली," ती म्हणाली.

"तुझी?"

"तुम्ही दुपारी घोरता तेवढा वेळ. माझं छत वेगळं ठेवून दिलंय जुमानाने." तिने ताटात लोणचं वाढलं. "मी त्या बिचाऱ्याला आधी बसवलं, चहा दिला, मग त्याचं पाखरू दिलं. दुसऱ्या दिवशी तो दोन पिल्लं घेऊन आला. मग तह झाला आमचा. त्याचं आलं तर मी परत द्यायचं, माझं गेलं तर त्याने. शेवटी दोघं मिळून थवा उडवतो. छान आहे शेवट. तुमचा कसा होता?"

मी म्हणालो, "काव्यात्म."

मंगळवारी सकाळी मी ठरवून गेलो होतो. काय ठरवून, ते विचारू नका; रस्ताभर मी दोन्ही ठरवत होतो. तीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याचं खंडन छापून आलेलं नाही. मी खेळलो होतो, शेवटपर्यंत, कलमानुसार. 'होय, खोटं बोलावंच लागतं,' असं म्हटलं की अहवाल उभा. समितीत दुसरं कोण खेळलंय? उम्म सिराज? बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध कोण काढेल?

जुमाना भिंतीशी बसली होती, हात मांडीवर घट्ट. तिच्या शेजारी अबू दीब, इस्त्रीच्या सदऱ्यात. काम सुरू होताच तो उठला.

"साहेब, मला बोलायचंय. चाळीस वर्षं कबुतरं पाळतो. खेळ मी बसून बघितलाय, खरा आहे. शेण सोडलं तर."

न्यायाधीशांनी त्याला प्रेमाने, पण ठाम हात केला. "बसा, हज्जी. वाईट वाटून घेऊ नका. कबुतरवाल्याची साक्ष धरू नये, ही जुनी चाल आहे. माझ्या वडिलांच्या न्यायालयातही हेच. का, ते तुम्हाला माहीत आहे. छतावर जो रोज 'तुझं पाखरू माझ्याकडे नाही' म्हणतो, त्याचं खालच्या मजल्यावर काय धरायचं?"

"बरोबर आहे," अबू दीब म्हणाला आणि मुळीच वाईट न वाटता बसला.

"उस्ताज अबू सिराज," न्यायाधीश माझ्याकडे वळले, "तुम्ही बोला. तुमची साक्ष चालेल."

मी उभा राहिलो. घसा साफ केला. 'समितीच्या निदर्शनास आणून देण्यात येते की' एवढं मनात तयार होतं. जुमाना माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. आमच्या जिन्यात लहानपणी पडली की अशीच बसायची. रडायची नाही, फक्त जमीन बघायची.

"माझीही चालणार नाही," मी म्हणालो.

"काय?"

"माझ्याकडे एक पांढऱ्या मानेची आहे. माझी नाही. अबू फरज विचारायला आला होता."

"कोण अबू फरज?"

"खेळातला, साहेब."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही बुवा, असं."

मुतासिम लिहायचा थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "सक्ती होती का?"

"नव्हती. परत देता आलं असतं. चहाही विचारता आला असता. आमच्या घरातच एक जण एकही खोटं न बोलता शेवटापर्यंत पोचलं आहे. माझं तिसरं वाक्य मी तिवईसाठी लिहिलं."

"दारात आलेल्या म्हाताऱ्याला," सित्त नजला हळूहळू म्हणाल्या, "तुम्ही चहासुद्धा विचारला नाहीत?" चोरी, लबाडी, बंद पाकीट, यांतलं काहीच त्यांना फारसं लागलं नव्हतं. पण चहा न विचारणारा माणूस आपल्या शेजारी चार वर्षं बसला, हे त्यांना सहन होईना. त्यांनी खुर्ची वीतभर लांब घेतली.

"अहवाल लिहिणारा सदस्य कबुतरवाला निघाल्याने," न्यायाधीशांनी सांगायला सुरुवात केली, आणि मुतासिमची लेखणी धावू लागली, "त्याची साक्ष व अहवाल दोन्ही रद्द." पुढे ते बराच वेळ सांगत होते. मी ऐकत नव्हतो. मला एवढंच दिसत होतं की जुमानाने मांडीवरचे हात सोडवले, आणि एका हाताने डोळे झाकले. मुतासिमने प्रमाणपत्र पुढे केलं. "सही, उस्ताज." मी केली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी सही केली नव्हती. समितीच्या चार वर्षांत प्रथमच मी एका अर्जदाराला कॉफी विचारली, आणि जुमानाला तिचा मुद्देमाल परत केला, वायरीसकट.

गुरुवारी आम्ही जत्रेला गेलो. सभागृहात तोबा गर्दी. जुमानाच्या मेजासमोर पोरांची रांग जिन्यापर्यंत, आणि बाहेरगावच्या दोन पाहुण्या अर्ध्या तासापासून कबुतरं उडवत होत्या. उम्म हातिमने मला बघून, सगळ्यांसमोर, पूर्ण प्रकाशाची सकाळ दिली. संध्याकाळचे सहा वाजले होते. मी छाती काढून रांगेच्या पुढे गेलो.

"अम्मो, थांबा," फाटकावरची मुलगी म्हणाली. "तुमचं वय?"

"कशाला?"

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीत प्रमाणपत्र लावलं होतं. 'सात वर्षांवरील सर्वांसाठी. मात्र साठीवरील पुरुषांनी सोबत जबाबदार व्यक्ती असल्याशिवाय खेळू नये.' खाली तीन सह्या. तिसरी फार सुबक, लफ्फेदार, आनंदात केलेली.

"ही तुमचीच ना सही?" मुलीने विचारलं.

"त्यांचीच आहे," मागून उम्म सिराज म्हणाली. "आणि मी आहे यांच्यासोबत."

"ख़ालती," मुलगी तिला म्हणाली, म्हणजे मावशी, "तुमचं वय लिहावं लागेल."

खानेसुमारीवाल्याला दोनदा परत पाठवलेली ही बाई. आजपर्यंत मलाही नक्की आकडा माहीत नव्हता. तिने पर्स मला धरायला दिली, नोंदवहीवर वाकली आणि आकडा लिहिला. मागून अबू दीब ओरडला, "उम्म सिराज, मलाही तुमच्या जबाबदारीवर धरा! माझ्याबरोबर कुणी नाही!" तिने त्यालाही धरलं. मग 'खेळणाऱ्याविषयी विशेष सूचना' असा एक लांबलचक रकाना होता, त्यात ती बराच वेळ लिहीत राहिली. मी वाकून बघायला गेलो तर तिने पंजाने झाकलं.

"सही करा," ती म्हणाली.

मी केली. तिने काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही. पण फाटकावरच्या मुलीने ते वाचलं, दोनदा माझ्याकडे बघितलं, आणि मला खेळायला लहान मुलांच्या मेजावर, भिंतीकडे तोंड करून, एका सात वर्षांच्या पोरीच्या देखरेखीखाली बसवलं. त्यावरून न वाचताही सांगतो, निकाल बरोबरच असणार.